मोटारीतली शेगडी

रामरावांच्या मोटारीतली शेगडी मंगळवारी गार वारा फेकायला लागली, तेव्हा कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. बुधवारीही वारा गारच आला. गुरुवारी, शुक्रवारी तोच प्रकार. शनिवारी मात्र शेगडीने असा काही कढत वारा सोडला की रामरावांना कोटाची वरची दोन बटणं काढावी लागली. "झाली बरी," म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. रविवारी ती पुन्हा गार पडली आणि परतूरच्या त्या घराचं सगळं लक्ष मोटारीकडे लागलं.

शेगडी म्हणजे खरं तर हीटर. ड्रायव्हर रायभान त्याला हीटरच म्हणायचा, पण तो एकटाच. त्या काळी परतुरात मोटारीच मोजक्या, त्यात बसल्या जागी ऊब देणारा डबा कुणी पाहिलेला नव्हता. रेल्वेतला एक गोरा इंजिनिअर नोकरी संपवून विलायतेला निघाला, तेव्हा त्याची काळी मोटार रामरावांनी घेतली. साहेब आधी क्वेट्ट्याला होता. तिथल्या थंडीसाठी त्याने पुढच्या सीटसमोर, पायांपाशी हा डबा बसवून घेतला होता. इंजिनात तापलेलं पाणी नळीने डब्यात यायचं, डब्यातला पंखा फिरायचा आणि गरम वारा साऱ्या मोटारीत पसरायचा. परतूरच्या उन्हात ह्याचा उपयोग काय, असं गावाने विचारून घेतलंच. पण रामरावांनी मोटार घेतली ती त्या डब्यासाठी.

त्यांची एकुलती एक मुलगी गोपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या जरा आधीच. इवलासा, मूठभर, पण आवाज पाटलाचा. आता सव्वा महिना झाला होता आणि शहागडहून व्याह्यांचं, म्हणजे काकासाहेबांचं बोलावणं आलं होतं. नातवाला अजून त्यांनी पाहिलेलं नव्हतं. रामरावांनी कळवून टाकलं, "संक्रांतीच्या आत सोमवारचा चांगला दिवस बघून मी स्वतः आणून पोचवतो. आमच्या मोटारीत शेगडी आहे. बाळाला वाऱ्याची झुळूक लागणार नाही."

हाच शब्द त्यांनी बायकोला, सोनूबाईंनाही दिला होता आणि तो जास्त अवघड होता. गोपिका तान्ही असताना अशाच पौषात सोनूबाई तिला आपल्या माहेराहून दमणीत घालून घेऊन आल्या होत्या. बैलाच्या त्या दमणीला पडदे होते, आत दुलया होत्या, तरी पोरीची छाती भरली. आठ दिवस रामराव तिला पोटाशी धरून बसले होते. ती वाचली, पण थंडीच्या दिवसांत मुलीने नुसतं खोकलं तरी अजूनही ते उठून तिच्या अंगावर दुलई घालायचे. माणूस रागीट होता, हट्टी होता, पण ह्या एका जागी तो अगदी मेणाचा होता आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सोनूबाईंनी साफ सांगितलं, "शेगडी चालली तर पाठवीन. न्हाईतर चैत्रात जाईल माही लेक."

"अगं, व्याह्याला शब्द दिलाय म्या!"

"मंग तुमीच जा न् ऱ्हावा तिथं. सव्वा महिन्याचं लेकरू हाय ते, शब्द न्हाई."

तर असं सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं होतं आणि डबा कधी गरम, कधी गार होता.

रायभानने पंखा उतरवला, पुसला, चढवला. नळ्या दाबून पाहिल्या. डब्याला कान लावून ऐकलं. "मालक, पंखा बराबर फिरून राह्यला," तो म्हणाला. "नळ्या बी ठीक हायेत. पर गरम व्हायचं का न्हाई ते डब्याच्या मनावर हाय."

"डब्याला मन हाय?"

"साहेबाच्या हाताखाली ऱ्हायलेला डबा हाय मालक. आपल्याला काय सांगता येतंय?"

रायभान मोटारीची सेवा करण्यात कसूर करत नव्हता. रोज सकाळी तो इंजिन सुरू करून अर्धा तास तसंच चालू ठेवायचा, थंडीत इंजिनाची सांधेदुखी वाढू नये म्हणून. मग तो भाकरी खायला जायचा. दहा वाजता रामराव मोटारीत बसून चार मैलांवरच्या शेताला जायचे. संध्याकाळी परत आल्यावर रायभान पुढचं झाकण काढून रेडिएटरमध्ये गळ्याशी येईपर्यंत पाणी भरायचा. जुनी इंजिनं पाणी पितात, असं त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलेलं होतं आणि हे इंजिन अलीकडे जरा जास्तच प्यायला लागलं होतं. पण म्हाताऱ्या जिवाच्या खाण्यापिण्यावर बोलू नये, एवढी माणुसकी रायभानमध्ये होती.

मोटारीबरोबर घरात आणखी एक नवी गोष्ट आली होती, ती म्हणजे रोजची दाढी. आधी रामराव आठवड्यातून दोनदा दाढी करायचे. पण मोटारीत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटासा आरसा होता आणि त्यात येता-जाता स्वतःचे खुंट दिसायचे. "मोटारीत बसणाऱ्याची हनुवटी साफ पायजे," असं त्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून मच्छिंद्र न्हावी रोज सकाळी वस्तऱ्या-कात्रीची धोपटी घेऊन परसात हजर. सोमवार, शनिवार, एकादशी आणि अमावास्या सोडून. त्या दिवशी ह्या घरात वस्तरा उघडायचा नाही, हा सोनूबाईंच्या सासूच्या सासूपासूनचा नेम होता.

थंडी वाढली तसा सोनूबाईंनी न्हाणीतल्या बंबावर पहारा बसवला. त्यातलं पाणी बाळाच्या अंघोळीला, बाळंतिणीच्या शेकाला. मच्छिंद्र वाटी घेऊन दाराशी आला, तर त्यांनी त्याला तिथूनच परत लावला.

"बाळंतिणीचं पाणी दाढीला? याड लागलं का रे तुला? जा, हिरीवर जा."

मच्छिंद्र बिचारा विहिरीवर गेला. ते पाणी गालाला लागताच रामराव पाटावरून उडालेच.

"मच्छिंद्र, हे पाणी हाय का बरफ? उद्यापासून पाणी कढत पायजे. कुठूनबी आण. आन् कुठून आणलं ते मला सांगू बी नको!"

मच्छिंद्र मान हलवून गेला. पुढच्या खेपेपासून पाणी कढत येऊ लागलं. त्याला जरा लोखंडी वास यायचा, पण रामरावांना तो औषधी वाटला. "चामडीला लोखंड चांगलं," असं ते डोळे मिटून म्हणायचे. कढत पाण्याची दाढी म्हटल्यावर शेतावरचे गडी, शेजारचा त्रिंबक, बैल विकायला आलेला कुणी पाहुणा, असे पाच-सहा जण परसात ओळीने बसू लागले. मच्छिंद्र आता वाटीऐवजी बादली घेऊन यायचा.

इकडे शेगडीचं काही जमेना. शेवटी रामरावांनी जालन्याहून खाजामियाँ मिस्त्रीला बोलावणं धाडलं. मोटारीच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. ते शनिवारी सकाळच्या रेल्वेने आले. मोटारीत बसले आणि रायभानने शेगडीचं बटण फिरवलं. शेगडीने भट्टी पेटवल्यासारखा वारा सोडला. मिस्त्रींनी टोपी काढली, मग मफलर काढला, मग रामरावांकडे बघितलं.

"पटेल, ये तो मेरेकू पसीना ला री. इसमें क्या बिगड्या?"

"काल गार होती खाजामियाँ! बिलकुल गार!"

"कल का मैं क्या बोलूँ? कल मैं जालने में था."

चहा पिऊन ते परत गेले. रविवारी शेगडी गार. सोमवारी गरम. मंगळवारी, बुधवारी गार. पुन्हा माणूस गेला, पुन्हा मिस्त्री आले, ह्या वेळी गुरुवारी. आल्या आल्या त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि सगळ्यात आधी रेडिएटरमधलं होतं नव्हतं ते पाणी सोडून दिलं. सगळ्या नळ्या फुंकून साफ केल्या, नवं पाणी गळ्यापर्यंत भरलं, इंजिन तापवलं. शेगडी गरम! मिस्त्रींनी दोन तास मोटारीभोवती फेऱ्या मारल्या, तरी गरम. जाताना त्यांनी रामरावांच्या खांद्यावर मोठ्या मायेने हात ठेवला.

"पटेल, गाडी कू कुच नई हुआ. नाना बनने की खुशी में आपकीच तबीयत थोडी गरम-ठंडी हो री. आराम करो."

शुक्रवारी सकाळी शेगडी गार पडली. रामराव ओट्यावर डोकं धरून बसले. ठरलेला सोमवार तीन दिवसांवर आला होता. सोनूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप एकदम थांबलं.

"अहो, मागच्या सोमवारी शेगडी गरम व्हती ना?"

"व्हती."

"त्याच्या आदल्या शनवारी?"

"व्हती. मिस्त्री आल्ता त्या दिवशी. माझी इज्जत घेतली तिनं."

"त्याच्या बी आधीच्या सोमवारी, शनवारी?"

रामरावांनी बोटांवर मोजून पाहिलं. "गरमच. पर त्या मधल्या बुधवारी बी गरम व्हती. म्हणून तर रायभान म्हणून राह्यला की वाराचं काई न्हाई."

"त्या बुधवारी अमुशा व्हती," सोनूबाई हळूच म्हणाल्या. "म्या एकच टाइम जेवले व्हते."

सोनूबाईंचे उपास साऱ्या परतूरला ठाऊक होते. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, एकादशी पांडुरंगाची. बाई त्या दिवशी शेंगदाण्यालाही हात लावत नसे. ज्या ज्या दिवशी सोनूबाई उपाशी, त्या त्या दिवशी शेगडी गरम. खाजामियाँ गुरुवारी आले तेव्हाचा तेवढा हिशेब बसत नव्हता, पण तेव्हा मिस्त्रीने हात लावला होता, म्हणून तो दिवस सोडून देण्यात आला.

"माझा उपास पोचून राह्यला तिथं," सोनूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात गर्व नव्हता, म्हणजे निदान त्यांनी तो दिसू दिला नाही. "लेकरासाठी देवच शेगडी पेटवतो."

"इंजनातल्या पाण्यानं पेटती ती," रामराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"मंग आज का न्हाई पेटली? आज काय इंजन न्हाई त्यात?"

रामरावांनी रायभानकडे पाहिलं. रायभानने मोटारीकडे पाहिलं. खाटेवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली गोपिका तेवढी म्हणाली, "अण्णा, तपासून बघा की. उद्या शनवार, परवा एकादशी. दोन्ही दिवस गरम आली तर सोमवारी बिनघोर निघू."

शनिवारी शेगडी गरम आली. रविवारी, एकादशीला, आणखी गरम आली. रामरावांनी आढेवेढे न घेता देवघरापुढे जाऊन हात जोडले. सोनूबाईंनी सोमवारचा उपास निर्जळी करायचा ठरवला, म्हणजे वाटेत दगाफटका नको. लाडूंचे डबे भरले गेले, लुगडी निघाली, बाळाची कुंची, टोपडी, दुपटी गाठोड्यात बांधली गेली. सामानसुमान उतरवायला आणि व्याह्यांच्या घरी चार कामं करायला बरोबर मच्छिंद्रने यायचं ठरलं, कारण लग्नकार्यात आणि पाठवणीत ह्या घराबरोबर जाण्याचा त्याच्या बापजाद्यांपासूनचा मान होता.

सगळं जुळून आलं होतं. एक सोडून. रविवारी संध्याकाळी रामरावांनी मोटारीतल्या त्या छोट्या आरशात सहज पाहिलं आणि ते दचकले. शनिवार, एकादशी, पुढे सोमवार. तीन दिवस वस्तरा बंद. हनुवटीवर ज्वारी कापलेल्या रानासारखे पांढरी धसकटं उभी राहिली होती. ह्या तोंडाने व्याह्यांच्या दारात उतरायचं? मोटारीतून?

सोमवारी सकाळी रायभानने नेहमीप्रमाणे इंजिन सुरू केलं आणि तो भाकरी बांधून घ्यायला घरी गेला. सोनूबाई आत बाळाला काजळ-तीट लावण्यात गुंतल्या होत्या. रामरावांनी मच्छिंद्रला डोळ्याने खुणावलं आणि गोठ्यात नेलं.

"मालक, आज सोमवार हाय," मच्छिंद्र कुजबुजला. "आक्का मला जित्ता ठेवत न्हाईत."

"तिला कळत न्हाई. पाणी आण. जल्दी कर!"

मच्छिंद्र पळत गेला, पळत आला. गाईच्या पुढ्यात बसून रामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी दाढी केली. वस्तरा फिरत असताना त्यांचे कान घराकडे होते. "महादेवा, नातवासाठी," असं ते मनात म्हणाले. महादेवाने ऐकलं की नाही कळलं नाही, पण गाय त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दाढी झाल्यावर त्यांनी गळ्यातला मफलर हनुवटीवरून वर घेऊन पार नाकापर्यंत गुंडाळला.

"थंडी वाजून राह्यली का?" सोनूबाईंनी विचारलं.

"लई," मफलरातून आवाज आला.

मोटार निघाली. पुढे रायभान, मध्ये लाडूंचा डबा मांडीवर घेऊन मच्छिंद्र, कडेला रामराव. मागे सोनूबाई आणि गोपिका आणि दोघींच्या मध्ये दुपट्यांत गुंडाळलेले छोटे पाटील. शेगडी झकास चालली होती. बाळ झोपलं. गोपिका काचेतून मागे पडणाऱ्या परतूरकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले तशी सोनूबाईंनी तिचा हात हातात घेतला. रामरावांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी मोटार फिरवायलाच लावली असती.

तासभर गेला आणि वारा कोमट झाला. आणखी दोन मैलांवर तो गार झाला. अगदी विहिरीतून उचलून आणल्यासारखा गार.

"रायभान!"

"काईच केलं न्हाई म्या मालक! बटण तसंच हाय!"

"असं कसं होईल?" सोनूबाईंना स्वतःच्या कानांवर, पायांवर, कशावरच विश्वास बसेना. "आज सोमवार हाय. म्या पाण्याचा घोट घेतला न्हाई सकाळपासून!"

त्याच वेळी दुपट्यांतून एक शिंक आली. तशी ती लहानशीच होती, पण मोटारीतल्या पाचही मोठ्या माणसांचा श्वास तिथल्या तिथे थांबला. रामराव गर्रकन मागे वळले. त्या गडबडीत मफलर घसरून गळ्यात आला आणि सोनूबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांची हनुवटी आली. गुळगुळीत. तुकतुकीत. सोमवारची.

"दाढी केली तुमी?"

रामरावांनी मफलर पुन्हा वर ओढला.

"आज? सोमवारी? म्या तिकडं निर्जळी धरून बसले आन् तुमी हिकडं..." सोनूबाईंनी बाळाला छातीशी ओढलं. "म्हणून गार पडली शेगडी! लेकराच्या जिवावर उठले तुमी!"

एरवी ह्या गोष्टी ते हसण्यावारी नेत. पण आता पायांवर गार वारा येत होता आणि कानात ती शिंक होती. सव्वीस वर्षांपूर्वीचे ते आठ दिवस त्यांना आठवले. त्यांनी अंगातला गरम कोट काढला आणि मुकाट्याने मागे बाळावर घातला.

इतक्यात पुढून सूं सूं असा आवाज आला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली. रायभानने एका ओढ्याच्या काठाला मोटार उभी केली. झाकणाला फडकं गुंडाळून, तोंड बाजूला करून त्याने ते हळूहळू सैल केलं. वाफ निवल्यावर आत डोकावला.

"मालक, पाणीच न्हाई ह्यात! काल सांजच्याला काठोकाठ भरलं व्हतं म्या!"

मग तो रस्त्यावर आडवा झाला आणि मोटारीच्या तोंडाखाली घुसला. रेडिएटरच्या बुडाशी एक पितळी तोटी होती. तिच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता.

"ही तोटी कुणी उघडली?"

"उघडी न्हाई ऱ्हायली," मच्छिंद्र लाडूंचा डबा सांभाळत खाली उतरून म्हणाला. "नीट बंद झाली नसंल. मालक सकाळी जल्दी कर, जल्दी कर म्हणून राह्यले ना."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याला त्यात बघण्यासारखं काही दिसेना.

"तुझा त्या तोटीशी काय संबंध रे?" रायभान पडल्या पडल्याच म्हणाला.

"पाणी घ्यायला. मोटारीचा बंब ना त्यो? आक्कांच्या बंबाला बी अशीच तोटी हाय. आक्का पाणी देईनात. मंग म्या बघितलं, सकाळी मोटारीचा बंब तापून राह्यला आन् ते पाणी कुणीच घेईना. उगंच वाया जाऊन राह्यलं म्हणलं."

"किती दिवस?"

"तीन आठवडे होत आले. रोज एक बादली. मालक, गडी, त्रिंबकदादा... सोमवार, शनवार, एकादशी, अमुशा सोडून. त्या दिवशी दाढीच नसती ना."

रायभान मोटारीखालून बाहेर आला आणि धुळीतच बसून राहिला. "आन् म्या रोज सांजच्याला बादलीभर वतून राह्यलो," तो म्हणाला. "म्हणलं म्हातारं इंजन हाय, पीत आसंल."

"मच्छिंद्र," रामरावांचा आवाज खोल गेला होता, "अरे, मला एका शब्दानं सांगायचं तरी!"

"मालक, तुमीच म्हणल्ते, कुठून आणलं ते मला सांगू बी नको."

मागच्या सीटवर गोपिका तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. ते काही दाबलं जाईना. शेवटी ती मोठ्याने हसली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतच राहिली. सोनूबाईंना मात्र आपला मुद्दा सोडायचा नव्हता.

"म्हंजे मी काय वेगळं म्हणत व्हते? ह्यांच्या दाढीनंच शेगडी गार पडली का न्हाई?"

"हाव आक्का," रायभानने कबूल केलं. "डब्याची नळी इंजनाला वरच्या अंगानं जोडलीय. पाणी कमी झालं की पैला डबाच उपाशी ऱ्हातो. दाढी झाली की शेगडी गार. बिलकुल बराबर."

खाजामियाँ मिस्त्रींना जे दोन खेपांत कळलं नव्हतं, ते एका निर्जळी बाईने मागच्या सीटवर बसून सांगितलं होतं. रामरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पागोटं काढून सीटवर ठेवलं, धोतर वर खोचलं आणि मोटारीच्या मागच्या बाजूची बादली उचलली. "मी आणतो पाणी," ते म्हणाले. "माझ्याच गालावरून गेलंय ते."

तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतायचं नाही, म्हणून रायभानने अर्धा तास थांबवलं. तेवढ्या वेळात सोनूबाईंनी बाळाची दुपटी गरम बॉनेटवर पसरली. एक शेकून झालं की ते बाळाला गुंडाळायचं आणि गार झालेलं पुन्हा बॉनेटवर टाकायचं. बाळ काही पुन्हा शिंकलं नाही. रामराव ओढ्यात उतरून दोन बादल्या घेऊन आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. रायभानने तोटी आवळली, पाणी भरलं, इंजिन लावलं. थोड्या वेळाने शेगडीने कोमट श्वास सोडला, मग गरम. सोनूबाईंनी मागून हात लांबवून नवऱ्याच्या ओल्या पायांवर आपली घोंगडी टाकली.

दिवस कलायच्या आत गोदावरीकाठचं शहागड आलं. काकासाहेब सगळा गोतावळा घेऊन दारात उभे होते. रामराव मोटारीतून उतरले. पाय चिखलाचे, धोतर चुरगळलेलं, पण हनुवटी आरशासारखी. आणि समोर बघतात तर व्याह्यांच्या हनुवटीवर तीन दिवसांचे पांढरे खुंट. तेही शनिवार, एकादशी, सोमवार पाळणारेच निघाले.

काकासाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर हनुवटीवर थांबली.

"व्याही, तुमच्याकडं सोमवारी चालतं वाटतं?"

रामरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते काही बोलणार, तेवढ्यात सोनूबाईच पुढे झाल्या. "लेकरासाठी केली त्यांनी," एवढंच म्हणाल्या आणि भाकरतुकडा ओवाळून टाकल्यावर बाळ काकासाहेबांच्या हातात दिलं.

"अरे, हे तर चांगलं कोमट हाय!" काकासाहेब हरखून गेले. पहिला नातू. त्यांनी त्याला उचलून आपला गाल त्याच्या गालाला लावला आणि छोट्या पाटलांनी जो टाहो फोडला, तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. काकासाहेबांनी दुसरा गाल लावून पाहिला. टाहो वाढला. त्यांच्या बायकोने घेतलं, आत्याने घेतलं, बाळ काही राहीना.

"द्या हिकडं," रामराव म्हणाले. त्यांनी नातवाला घेतलं आणि आपल्या तुकतुकीत गालाशी धरलं. बाळाने एक उसासा टाकला, त्या गालावर नाक घासलं आणि डोळे मिटले.

काकासाहेबांनी ते पाहिलं. मग हळूच त्यांचा हात स्वतःच्या हनुवटीवरून फिरला.

"व्याही, बरोबर न्हावी हाय ना तुमच्या?"

"अहो, आज सोमवार हाय!" मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"असू दे. लेकरासाठी हाय." काकासाहेब पाटावर बसलेच. "पर ऐक रे, पाणी चांगलं कढत पायजे. कुठूनबी आण."

"जी," म्हणून मच्छिंद्रने धोपटी काखेत मारली आणि तो बादली शोधायला लागला. तिकडे मोटारीपाशी चहा पीत उभ्या असलेल्या रायभानने कप खाली ठेवला आणि काही न बोलता तो रेडिएटरपुढे, त्या तोटीला पाठ लावून, मांडी घालून बसला.